भोईरबाईंची बरोबरी

भोईरबाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते कोपरखैरण्याच्या मासळीबाजारात. शाळेत रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. मी साताऱ्याकडचा, चित्रकलेचा शिक्षक. मासा ताजा कुठला न् शिळा कुठला हे मला कळत नव्हतं, म्हणून आमच्या गणिताच्या बाई समोर दिसल्याबरोबर मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. बाई दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून, कमरेत वाकून पापलेटं बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या. शेवटी एक त्यांना पसंत पडलं आणि त्यांनी बोट पुढे केलं, तेवढ्यात मागून कुणाचा तरी धक्का लागला आणि बोट शेजारच्याच माशावर पडलं.

"त्ये नको, बाय," मासळीवाली म्हणाली. ती बाईंच्या गावचीच होती. "त्ये कालचं हाय. तुला नाय देनार मी."

"हात लावला ना? मंग त्येच दे," बाई म्हणाल्या.

परत येताना मी न राहवून विचारलं. तेव्हा बाईंनी मला सांगितलं की बुद्धिबळात ज्या मोहऱ्याला हात लावला तो खेळावाच लागतो, नंतर पश्चात्ताप झाला तरी. आणि जो नियम पटावर पाळायचा तो बाहेर पाळायचा नाही, हे त्यांना जमत नव्हतं. साड्यांच्या दुकानातही त्या हात बांधून उभ्या राहायच्या. दुकानदार थप्पीच्या थप्पी उलगडायचा, बाई नुसत्या बघायच्या, आणि एकदा का पदराला हात लावला की खरेदी संपली. एकदा स्टाफरूममध्ये कुणीतरी त्यांना लग्नाबद्दल छेडलं.

"बगायला आलं, तवा चाहाचा कप घेताना ह्यांचा हात माज्या बोटाला लागला," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "फसलं बिचारं."

यमुना भोईर हे त्यांचं नाव. घणसोलीकडच्या खाडीकाठच्या आगरी घरातल्या. वडिलांचं मिठागर होतं. कारखान्यांसाठी जमीन घ्यायला सरकारची माणसं आली तेव्हा मोजणीखात्यातला एक साहेब त्यांच्या ओटीवर भाड्यानं राहिला होता. दिवसभर तो जमीन मोजायचा आणि संध्याकाळी एकटाच पट मांडून बसायचा. आठ वर्षांची यमुना समोर जाऊन बसली. साहेबानं तिला मोहरे शिकवले. वर्ष उलटायच्या आत साहेब हरायला लागला. "आमची शेती गेली, मिठागर गेला," बाई सांगायच्या, "पन त्यो पट काय त्याला परत नेऊन दिला नाय मी." पुढे त्या महिलांच्या राज्य स्पर्धेत पहिल्या आल्या. घरात त्या वेळच्या चषकावर लोणच्याची बरणी ठेवलेली असायची. मांडणीत तेवढीच जागा होती, असं त्यांचं म्हणणं.

वर्गात त्या अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या. फळ्यापासून वळल्या की आगरी सुरू, म्हणजे ड चा र आणि ळ चा ल. मुलांना दोन्ही यायला पाहिजे, असं त्या म्हणायच्या.

स्टाफरूममध्ये त्यांच्या कपाटात पट असायचा. मधल्या सुट्टीत जो सापडेल त्याच्याशी त्या खेळायच्या. माझ्याशी त्या महिनाभर खेळल्या आणि एक दिवस पट मिटवून म्हणाल्या, "मास्तर, तुमी खेलू नका. तुमाला दुसऱ्याचा डाव बगायला आवरतं, सोताचा नाय. तुमी पंच व्हा."

मला वाटलं गंमत करताहेत. पण त्यांनी पंचांच्या परीक्षेचा फॉर्म आणला, शेजारी बसून भरून घेतला आणि नियमांचं पुस्तक माझ्यापुढे टाकलं. मी आज वीसेक वर्षं स्पर्धांमधून पंच म्हणून वावरतो आहे, तो असा त्यांच्या हुकमानं.

पंच झाल्यावर पहिली तक्रार माझ्यापुढे आली ती बाईंच्याच विरुद्ध. मोठ्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला आपली आणि समोरच्याची खेळी कागदावर लिहावी लागते. सगळे इंग्रजी अक्षरं वापरतात. बाई मराठीत लिहायच्या: राजाला रा, वजिराला व, हत्तीला ह. समोरचा खेळाडू म्हणाला, हे चालणार नाही, मला वाचता येत नाही. मी घाबरून पुस्तक उघडलं. खेळाडूनं आपल्या भाषेतली आद्याक्षरं वापरली तर हरकत नाही, असं त्यात चक्क लिहिलेलं होतं. तसा मी निर्णय दिला. बाईंनी माझ्याकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. स्पर्धेत त्या मला ओळखतच नसत. बाहेर आल्यावर मात्र म्हणाल्या, "पुस्तक उघरायला येवढा येल? ह्यो नियम तुमाला पाठ पायजे व्हता."

बरोबरीबद्दल त्यांची मतं अगदी पक्की होती. शाळांच्या स्पर्धेत आमच्या सातवीतल्या एका मुलीचा डाव बरोबरीत सुटला. ती रडत बाहेर आली. तिचा वजीर गेला होता, तरी तिनं तासभर झुंजून डाव वाचवला होता, आणि तिला वाटत होतं की आपण जिंकलो नाही म्हणजे बाई रागावणार. बाईंनी तिथल्या तिथे कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे आणले आणि सगळ्या मुलांना वाटले. जिंकलेल्या चार मुलांसाठी काही आणलं नव्हतं.

"जिकनं काय, समोरचा चुकला की कोनी बी जिकतंय," त्या मला म्हणाल्या. "मरायला टेकलेला डाव हातात धरून बसायचा, त्यो समोरच्याला सोरायचा नाय, त्याला छाती लागतं."

निवृत्तीनंतर त्यांनी कोपरखैरण्यात रविवारचा वर्ग सुरू केला. यजमान तोवर वारले होते. मुलगा निलेश ऐरोलीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, तिथेच त्यानं फ्लॅट घेतला होता. बाई एकट्याच राहायच्या आणि मजेत राहायच्या. पासष्टाव्या वर्षी, एका सकाळी वर्ग चालू असताना, त्यांच्या हातातला पांढरा घोडा खाली पडला. त्या तो उचलायला वाकल्या आणि उठल्याच नाहीत.

अर्धांगाचा झटका होता. जीव वाचला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागल्या, आणि शब्द गेले. म्हणजे बोलता येत होतं, पण पाहिजे तो शब्द येत नसे. पाणी मागायचं असलं की 'पंखा' म्हणायच्या. दार लाव म्हणायचं तर 'चमचा लाव'. चुकलं हे त्यांचं त्यांना लगेच कळायचं, आणि त्या इतक्या संतापायच्या की पुढचे दोन शब्दही हातचे जायचे.

निलेशनं त्यांना ऐरोलीला नेलं. मुलगा म्हणून त्यानं काही कमी केलं नाही, हे आधीच सांगतो. सांभाळायला एक बाई लावली, व्यायाम शिकवणारा लावला, बोलणं शिकवणारी मॅडम लावली. पण तीन महिन्यांनी मी भेटायला गेलो तेव्हा तो बाईंच्या समोरच, त्या तिथे नसल्यासारखा बोलत होता.

"सर, तिला आता तसं फारसं कळत नाही. डॉक्टर म्हणालेत टेन्शन नको. म्हणून चेसबिस सगळं माळ्यावर टाकलंय. टीव्ही लावून देतो, बघते."

बाई टीव्हीकडे बघत होत्या. त्यांचा डावा हात मांडीवर होता आणि बोटं हळूहळू हलत होती. मी चित्रं काढणारा माणूस, हाताकडे माझं आधी लक्ष जातं. त्या बोटांनी बाई मनातल्या पटावर मोहरे उचलून ठेवत होत्या.

निलेश फोनवर बोलायला आत गेला. माझ्या झोळ्यात प्रवासातला लोहचुंबकाचा छोटा पट होता. मी तो काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. डाव्या हातानं त्यांनी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं.

एकोणिसाव्या खेळीत माझ्यावर मात झाली. निलेश दारात उभा राहून शेवटच्या चार-पाच खेळ्या बघत होता.

"सर, तुम्ही मुद्दाम हरलात ना?" त्यानं लिफ्टपाशी हळूच विचारलं.

"मुद्दाम हरायची माझी पात्रता नाही रे," मी म्हणालो. "तुझ्या आईला सगळं कळतं. फक्त सांगता येत नाही."

त्याला ते पटलं असं काही दिसलं नाही. पण पट माळ्यावरून खाली आला. पुढचे सहा महिने मी दर शनिवारी जायचो. बाई डाव्या हातानं खेळायला आणि लिहायला शिकल्या. लिहिणं पहिलीतल्या मुलासारखं, वाकडंतिकडं. आणि एक दिवस त्यांनी वर्तमानपत्रातली बातमी माझ्यापुढे सरकवली: वाशीला खुली स्पर्धा, मोठमोठे खेळाडू येणार. बातमीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "लगीन." मग मान जोरात हलवली, आणि नुसतं बोट दोनदा आपटलं.

निलेशनं चक्क नकार दिला. "सर, लोकांसमोर तिचं हसं झालं तर? ती पाच तास बसू शकणार नाही. तिला बोलता येत नाही, तिथे काही झालं तर सांगणार कसं?" तो चुकीचं बोलत नव्हता. बाईंनी त्या रात्रीपासून जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं फॉर्म भरला.

त्या स्पर्धेत मी पंचांपैकी एक होतो. पहिल्या चार फेऱ्यांत बाई दोन डाव जिंकल्या, एक हरल्या, एक बरोबरीत सुटला. पाचव्या फेरीत त्यांची गाठ पडली सोहमशी. पंचविशीतला, पुण्याचा, आंतरराष्ट्रीय मास्टर. चारही डाव जिंकून आला होता तो. स्वभावानं सरळ मुलगा, पण त्याला हा डाव जिंकणं भाग होतं, नाहीतर पहिला नंबर हातचा जायची भीती होती. आणि समोर कोण, तर काठी टेकत आलेली, डाव्या हातानं हळूहळू मोहरे सरकवणारी म्हातारी. तो जिंकणार याबद्दल सभागृहात कुणालाच शंका नव्हती. मलाही नव्हती.

सकाळी दहाला डाव सुरू झाला. बाईंकडे काळे मोहरे. पन्नास खेळ्यांपर्यंत डाव सारखा होता. मग सोहमनं एक उंट जास्त मिळवला. एक प्यादंही त्याच्याकडे उरलं होतं. ते प्यादं शेवटच्या घराकडे निघालं. एकाहत्तराव्या खेळीला बाईंनी ते हत्तीनं मारलं. आता पटावर उरला त्याचा राजा, हत्ती आणि उंट; बाईंचा राजा आणि हत्ती.

हा शेवट म्हणजे मोठमोठ्यांना घाम फोडणारा. बचाव करणाऱ्यानं अचूक खेळलं तर तो सुटतो. पण एक खेळी चुकली की मात. आणि नियम असा की पन्नास खेळ्या कुणाचा मोहरा मारला गेला नाही, प्यादंही हललं नाही, तर खेळाडू पन्नासावी खेळी न खेळता नुसती लिहून बरोबरी मागू शकतो. म्हणजे बाईंना आता पन्नास वेळा बरोबर खेळायचं होतं. डाव्या हातानं. प्रत्येक खेळीला अर्धं मिनिट वाढवून मिळत होतं, त्यातच ती लिहायचीही होती.

बाकीचे डाव संपले. खेळाडू जेवून आले आणि या एका टेबलाभोवती दोरीच्या बाहेर गोळा झाले. निलेश त्यांच्यात होता. ऑफिसला सुट्टी टाकून आला होता, पण सकाळपासून बाहेर गाडीतच बसला होता.

सोहम सुंदर खेळत होता. त्याचा राजा बाईंच्या राजाला पटाच्या कडेला ढकलत होता. उंट मध्ये आला की बाई आपला हत्ती अशा रेषेत आणायच्या की उंटाच्या मागे सोहमचाच राजा यायचा, आणि उंटाला हलता येईना. सोहम राजा बाजूला घ्यायचा, पुन्हा जुळवाजुळव करायचा. पुन्हा बाई हत्ती सरकवायच्या.

शंभराव्या खेळीच्या आसपास बाईंचा हात राजाकडे गेला. मी बघत होतो. राजा हलवला असता तर दोन खेळ्यांत मात होती. पंचाला चेहऱ्यावर काही दाखवता येत नाही, म्हणून मी खिडकीबाहेर बघायला लागलो. परत पाहिलं तेव्हा हात राजाच्या डोक्यावर बोटभर अंतरावर तसाच थांबलेला होता. मग तो मागे आला, आणि हत्तीवर गेला. हत्तीनं सोहमच्या राजाला शह दिला. सोहमनं खुर्चीला पाठ टेकली आणि पहिल्यांदाच मान वर करून बाईंकडे नीट पाहिलं.

तीन वाजत आले. बाईंनी एक खेळी कागदावर लिहिली, पण खेळल्या नाहीत. घड्याळ थांबवलं. डावा हात वर केला.

मी टेबलापाशी गेलो. आता काय हवंय ते खेळाडूनं स्वतः सांगायचं असतं. पंचानं सुचवायचं नसतं.

"बोला, बाई."

बाईंनी तोंड उघडलं. "पंखा," त्या म्हणाल्या.

दोरीपलीकडे कुणीतरी हसलं. बाईंचा चेहरा लाल झाला. "लगीन... नाय... पंखा..."

"सर, आई म्हणतेय की—" निलेश पुढे सरसावला.

"निलेश," मी म्हणालो, "तू बोलायचं नाहीस. कुणीच बोलायचं नाही."

माझा आवाज मलाच परका वाटला. निलेश दोरीमागे सरकला. बाईंनी डोळे मिटले. मग त्यांनी डोळे उघडले, आपला कागद माझ्याकडे फिरवला, एकाहत्तराव्या ओळीवर बोट ठेवलं. तिथून ते बोट खाली खाली नेत एकशेएकविसाव्या ओळीवर आणलं. आणि माझ्याकडे बघून स्वच्छ शब्दांत म्हणाल्या:

"मोजा."

मी मोजलं. पन्नास भरत होत्या. पण सोहम म्हणाला, "सर, माझ्या कागदावर एकोणपन्नासच आहेत." त्याचाही मान ठेवायला हवा होता. मुख्य पंच आले. आम्ही शेजारच्या टेबलावर दुसरा पट मांडला आणि दोन्ही कागद घेऊन शेवटच्या पन्नास खेळ्या एकेक करून पुन्हा खेळलो. ब्याण्णवाव्या खेळीला सोहमच्या कागदावरून पुढे जाताच येईना. हत्ती जिथे असायला हवा होता तिथे नव्हता. घाईत त्याची एक ओळ लिहायची राहून गेली होती. बाईंचा कागद आम्ही शेवटपर्यंत खेळलो. पहिलीतल्या मुलाच्या वाकड्या अक्षरात रा आणि ह, रा आणि ह, एकही खेळी न चुकता, थेट समोरच्या पटावरच्या स्थितीपर्यंत.

"डाव बरोबरीत," मुख्य पंच म्हणाले.

सोहम उभा राहिला. त्यानं उजवा हात पुढे केला, मग त्याच्या लक्षात आलं. तो मागे घेऊन त्यानं डावा हात दिला. "मॅडम," तो म्हणाला, "यातली एक तरी खेळी चुकाल म्हणून मी दोन तास वाट बघत होतो." बाईंनी त्याचा हात बराच वेळ सोडला नाही. त्याच्याकडे बघून त्या हसत होत्या आणि मान डोलवत होत्या, वर्गात एखाद्या मुलाचं अवघड गणित सुटलं की डोलवायच्या तशी.

मग टाळ्या सुरू झाल्या. नियमानं मी त्या थांबवायला हव्या होत्या, कारण पुढची फेरी सुरू व्हायची होती. मी नाही थांबवल्या.

निलेश दोरी ओलांडून आत आला आणि खुर्चीपाशी जमिनीवरच बसला. एवढा मोठा, कंपनीतला साहेब माणूस. "आई, मी तुझ्यासमोर काय काय बोललो," तो म्हणाला. "तू सगळं ऐकत होतीस."

बाई शब्द शोधत राहिल्या. मिळाला नाही. मग त्यांनी डाव्या हातानं त्याच्या डोक्यावर एक टपली मारली, चांगली आवाज येईल अशी. भोवतीचे सगळे हसले, आणि सर्वात मोठ्यानं बाई हसल्या.

स्पर्धा सोहमच जिंकला, अर्ध्या गुणानं. पण वाशीत त्या दिवशी जो तो सांगत होता ते बाईंच्या डावाबद्दल. पुढच्या रविवारी ऐरोलीत निलेशच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये बाईंचा वर्ग सुरू झाला. त्या फार बोलत नसत. मूल चुकलं की मोहरा उचलून परत जागेवर ठेवायच्या आणि वाट बघायच्या. मुलं म्हणायची, या टीचर ओरडत नाहीत तेच जास्त भीतीदायक आहे. शब्द हळूहळू थोडे परत आले, सगळे नाही.

दोन वर्षांनी मी निवृत्त होऊन साताऱ्याला परतलो. त्यानंतर वर्षभरानं बाई गेल्या, झोपेतच. मला पोचायला उशीर झाला, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. कारण त्यामुळे माझ्याकडे बाई राहिल्या आहेत त्या मी नवी मुंबई सोडायच्या आदल्या रविवारच्या.

क्लबहाउसमध्ये बारा टेबलं मांडली होती. बारा जण बसलेले, शाळकरी पोरींपासून निवृत्त कर्नलपर्यंत, आणि बाई एकाच वेळी सगळ्यांशी खेळत होत्या. मोरपंखी साडी, काठी, टेबलामागून टेबल. प्रत्येकासमोर क्षणभर थांबायचं, एक खेळी करायची, पुढे जायचं. अकरा टेबलांवर समोरच्यांची वाट लागत आली होती. बाराव्या टेबलावर निलेश होता. चाळिशीनंतर आईकडून मोहरे कसे चालतात ते शिकलेला, कपाळावर घाम, दोन्ही हातांत डोकं धरलेलं. बाई त्याच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. बाकी सगळ्यांपुढे थांबल्या त्यापेक्षा खूप जास्त वेळ त्या तिथे थांबल्या. त्यानं आशेनं वर पाहिलं. बाईंनी काठी टेबलाला टेकवून ठेवली, वाकल्या, डाव्या हातानं त्याच्या शर्टाची मुडपलेली कॉलर नीट सरळ केली, आणि मग त्याच हातानं त्याचा वजीर मारला.